क्रोशाची रोजची खांदापिशवी: भार कुणी उचलायचा ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीहून फोर्टला रोज लोकलने जाणाऱ्या एका वाचक ताईंनी ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे क्रोशाचे भोकाभोकांचे चौकोन, जोडून खांद्याला लावायची पिशवी विणली. दोरा ॲक्रिलिक लोकरीचा, सुई 5 मिमीची, पट्टा सहा खांबांचा. डबा, पाण्याची बाटली आणि छत्री घालून ती वापरायला लागल्यावर थोड्याच दिवसांत पट्टा लांबला, तळ लोंबायला लागला आणि चौकोनांच्या भोकांतून पेन, किल्ल्या बाहेर डोकावू लागल्या. त्या विचारतात, लोकर चुकली, नमुना चुकला की माझा हातच सैल आहे? आणि रोज ऑफिसला नेता येईल अशी पिशवी क्रोशाने होते तरी का?

होते. मी क्रोशा शिकवते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत नोकरी करणाऱ्या बायकाच जास्त आहेत. त्यांच्या खांद्यावर अशा पिशव्या रोज असतात आणि चांगल्या टिकतात. तुमच्या हातात खोट नाही. तुम्ही सगळं ओझं विणीवर टाकलंत, म्हणून असं झालं. बहुतेक नमुने पिशवी दिसेल कशी एवढंच सांगतात. तिच्यात तीन किलो सामान घालून ठाण्यापासून उभ्याने प्रवास केला की तिचं काय होईल, हे त्यांत नसतं. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

क्रोशाची वीण म्हणजे फासात अडकवलेला फास. ओढ बसली की प्रत्येक फास ओढीच्या दिशेने लांबतो आणि दुसरीकडून आखडतो. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे सरळ जातात, त्यामुळे ओढ थेट धाग्यावर येते. क्रोशात ती आधी फासाचा आकार बदलते. एका टाक्यात हे डोळ्याला दिसतही नाही, पण पट्ट्याच्या लांबीत शंभर ओळी असतील तर शंभर ठिकाणी ते साठत जातं. टाका जितका उंच, तितकी दोऱ्याला हलायला जागा जास्त. म्हणून खांब हा उंच टाका मुक्या खांबापेक्षा, म्हणजे आखूड टाक्यापेक्षा, लवकर लोंबतो, आणि ग्रॅनी स्क्वेअर म्हणजे तर खांबांचे पुंजके आणि मधली मोकळी भोकं. त्यात लोकर ॲक्रिलिकची. ती मऊ आणि फुगीर असते, स्वेटरला छान, पण रोजच्या घासण्याने तिच्यावर गोळे धरतात आणि वीण निस्तेज दिसायला लागते.

ताणणं हा क्रोशाचा दोष आहे असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. भाजीच्या जाळीदार पिशवीत तोच गुण असतो. रिकामी असताना मुठीत मावते आणि दोन किलो बटाटे, वर मेथीची जुडी घातली तरी सामावून घेते. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा तीच जाळी शिकायला माझ्याकडे कितीतरी जणी आल्या. बाजारातून घरापर्यंतच्या दहा मिनिटांत जाळी लांबली तरी काही बिघडत नाही. ऑफिसची पिशवी रोज कित्येक तास खांद्यावर असते, तिला हे चालणार नाही.

म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती आहे. रोजच्या पिशवीत भार उचलायचा तो अस्तराने आणि नवारीने, म्हणजे बॅगांच्या पट्ट्यांना वापरतात त्या जाड पट्टीने. विणीने रंग, स्पर्श आणि अंग द्यायचं. ही विभागणी नीट केलीत तर नमुना तुम्हाला आवडेल तो घ्या, ग्रॅनी स्क्वेअरसुद्धा. तुम्ही विणलेली ती पिशवी उसवू नका. तिचे चौकोन तसेच राहू द्या, पट्टा काढून टाका आणि पुढे सांगते तसं मजबूत अस्तर आणि नवार घाला. भोकांतून अस्तराचा रंग दिसेल, तो विचार करून निवडा. गडद चौकोनांना हळदी पिवळं किंवा मोतिया अस्तर फार उठून दिसतं.

खादीची शिवलेली जुनी शबनम घरात कुठे असेल तर ती काढून नीट बघा. तिचा पट्टा तोंडापाशी संपत नाही. तोच पट्टा खाली उतरून पिशवीची बाजू होतो, त्यामुळे वजन दोन शिवणींच्या टोकांवर लटकत नाही, पूर्ण उंचीवर वाटलं जातं. क्रोशाची पिशवी आपण आतून नेमकी अशीच बांधायची आहे.

आता दोरा. रोजच्या पिशवीला मी आठपदरी कॉटन देते आणि शक्यतो मर्सराइज्ड. कॉस्टिक सोड्याची ही प्रक्रिया जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात शोधली, नाव त्याचंच आहे. तिच्यामुळे सूत अधिक मजबूत आणि चकचकीत होतं, त्यावर रंग खुलतो आणि तूस कमी सुटतं. दुकानात गुंडी हातात घेतली की एक टोक दोन चिमटींत धरून उलट पिळून बघा. पदर लगेच सुटे झाले तर ते सूत घेऊ नका. सुईच्या टोकाने ते फाटत राहतं, अर्धा पदर आत आणि अर्धा बाहेर असे टाके पडतात आणि पिशवीत नेमके तेच टाके आधी झिजतात. गुंडीच्या पट्टीवर रंगाचा लॉट नंबर असतो. सगळ्या गुंड्या एकाच लॉटच्या आणि एकदमच घ्या. ट्यूबलाइटखाली सारखा दिसणारा निळा दोन लॉटचा असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या उन्हात पिशवीला आडवा पट्टा दिसतो.

मॅक्रमेची 3 मिमी दोरी सध्या सगळीकडे आहे आणि तिची पिशवी झटपट होते. कॉटनची दोरी असेल तर ती दिसते सुंदर, पण पिशवी रिकामीच बरीच जड होते आणि पावसात भिजली की आणखी. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची दोरी पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर वापरायला एखादी वेगळी पिशवी करायची असेल तर मी तीच सुचवीन. मात्र ती गुळगुळीत असते आणि गाठी आपोआप सुटतात, म्हणून टोकं किमान 10 सेंमी आत ओवा आणि मगच कापा. टीशर्टच्या कापडाच्या पट्ट्यांचा जाड दोरा या कामाला नको, फार जड होतो. सुतळीचंही तेच सांगेन. ती कपड्यांना घासते, कुर्त्याच्या खांद्यावर तूस काढते आणि दमट हवेत तिला वास येतो.

तुम्ही फोर्टला असता हे फारच सोयीचं आहे. सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत जाता येतं. त्या भागात, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला, हस्तकलेच्या सामानाच्या दुकानांत दोरे आणि सुया बघा. अस्तराचं कापड मंगळदास मार्केटमध्ये, आणि कड्या, बटणं, लेस यांसाठी भुलेश्वर. रविवारी तिकडची बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे ऑफिस लवकर सुटेल त्या दिवशी जा. चामड्याचे तयार पट्टे धारावीत चांगले मिळतात, पण मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामड्याला बुरशी धरते. रोजच्या पिशवीला मी चामडं लावत नाही.

विणायला बसण्याआधी आज ऑफिसला नेता ती भरलेली पिशवी वजनकाट्यावर ठेवून बघा. लिटरभर पाणी म्हणजेच एक किलो, त्यात स्टीलचा डबा, छत्री, चार्जर, पर्स. आकडा बघून बहुतेकींना धक्का बसतो. अडीच-तीन किलो सहज भरतं. पिशवीची मापंही त्याच सामानावरून काढा. डबा आडवा ठेवता की उभा, बाटली किती उंच, यावर तळाची रुंदी आणि उंची ठरते. मी खाली धरलेली मापं अशी आहेत: तळ 25 सेंमी लांब आणि 8 सेंमी रुंद, उंची 30 सेंमी. गोल डबा असेल तर तळ 12 सेंमीपर्यंत रुंद लागेल.

पुढची पायरी नमुन्याचा तुकडा. ही कंटाळवाणी वाटते म्हणून बायका ती गाळतात आणि मग आकार हाताबाहेर जातो. आठपदरी कॉटनच्या गुंडीवर साधारण 4 मिमीची सुई लिहिलेली असते. पिशवीसाठी त्याहून लहान, 3 किंवा 3.5 मिमीची घ्या. वीण दाट आणि थोडी कडक हवी. मुका खांब घाला, म्हणजे अमेरिकन नमुन्यांतला सिंगल क्रोशे. ब्रिटिश पद्धतीच्या नमुन्यांत, आणि आपल्याकडच्या काही जुन्या पुस्तकांतही, त्याच टाक्याला डबल क्रोशे म्हटलेलं असतं. तेव्हा नमुना कुठला आहे हे आधी बघा, नाहीतर दाट पिशवीच्या जागी जाळी होईल. शिवाय पहिल्यांदा दोरा टाक्यातून ओढताना तो सुईवर गुंडाळून घेऊ नका. सुई दोऱ्याच्या वरून नेऊन त्याला आकड्यात पकडा आणि तसाच खेचा. टाका फुलीसारखा दिसतो, आखूड होतो आणि वीण आणखी घट्ट बसते. अमिगुरुमीची खेळणी करणाऱ्यांना ही पद्धत माहीत असते. पिशवीलाही ती तेवढीच उपयोगी आहे.

12 सेंमीचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या 10 सेंमीत किती टाके, किती ओळी ते मोजा. मग या तुकड्यावरून वजनाचा हिशेब करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. 12 बाय 12 चा तुकडा 144 चौरस सेंमी असतो. त्याचं वजन 144 ने भागून 100 ने गुणलं की 10 बाय 10 चं वजन आलं. आपल्या पिशवीचं एकूण क्षेत्रफळ 1,960 चौरस सेंमीच्या आसपास आहे, म्हणजे असे साधारण 20 तुकडे. तुकडा 9 ग्रॅम भरला तर 180 ग्रॅम सूत अंगाला लागेल. त्यात पट्ट्यासाठी आणि फुटकळ म्हणून 50 ग्रॅम धरा. दुकानदाराला किंवा व्हिडिओला विचारण्यापेक्षा हा आकडा खरा असतो, कारण तो तुमच्या हाताचा असतो.

समजा तुमच्या तुकड्यात 10 सेंमीत 20 टाके आणि 22 ओळी आल्या. लंबगोल तळाची पहिली साखळी तळाच्या लांबीएवढी नसते. लांबीतून रुंदी वजा करायची. 25 मधून 8 गेले, 17 सेंमी राहिले, त्याचे 34 टाके. वळायला एक जास्त, अशा 35 साखळ्या घाला. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सुरू करून 33 साखळ्यांत एकेक मुका खांब, शेवटच्या साखळीत तीन, मग तुकडा न उलटता साखळीच्या दुसऱ्या अंगाने 32, आणि जिथे पहिला टाका घातला त्याच साखळीत आणखी दोन. एकूण 70 टाके झाले. इथून पुढे प्रत्येक फेरीत दोन्ही टोकांना तीन-तीन टाके वाढवायचे. आठ सेंमी रुंदी म्हणजे मधल्या रेषेपासून चार-चार सेंमी, त्याला साधारण नऊ फेऱ्या लागतात. नवव्या फेरीअखेर 118 टाके व्हायला हवेत. घेर 59 सेंमी.

वाढीचे टाके प्रत्येक फेरीत नेमके एकावर एक आले तर टोकांना कोपरे निघतात, म्हणून ते एखाद-दुसऱ्या टाक्याने मागेपुढे सरकवा. तळ जमिनीवर ठेवून बघत जा. कडा वर उचलल्या जात असतील तर वाढ कमी पडते आहे, कडेला लाटा येत असतील तर जास्त होते आहे. तळ सपाट बसला नाही तर पुढे काहीही करून पिशवी नीट उभी राहत नाही, त्यामुळे इथे उसवायला मागेपुढे पाहू नका.

भिंतीची, म्हणजे पिशवीच्या उभ्या अंगाची, पहिली फेरी टाक्याच्या माथ्यावरच्या दोन पदरांपैकी फक्त मागच्या पदरातून घाला. तिथे सुबक काठ उमटतो आणि तळ वेगळा दिसतो. त्यानंतर वाढ नाही, घट नाही, सरळ 66 फेऱ्या. हे जवळजवळ 7,800 टाके होतात. आकडा मोठा वाटतो, पण यात मोजायचं काही नसतं आणि म्हणूनच हा भाग लोकलमध्ये करण्यासारखा आहे. तळ घरी बसून करा, भिंत गाडीत. बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळाली की कुणी भाजी निवडते, कुणी गजरा ओवते, तिथे क्रोशाकडे कुणी वळून पाहत नाही. फक्त दोऱ्याची गुंडी पिशवीतच राहू द्या आणि सुईवरचा शेवटचा फास अडकवायला एक सेफ्टी पिन जवळ ठेवा. उतरायची घाई झाली की तेवढी पिन लावून उठता येतं. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर बसला असाल तर विणू नका, कोपर हलायलाच जागा नसते.

गोल फेऱ्यांत विणताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मुका खांब एकाच दिशेने विणत गेलं की टाके हळूहळू एका बाजूला कलतात. उजव्या हाताने विणणाऱ्यांचे उजवीकडे. 66 फेऱ्यांनंतर सुरुवातीची खूण बाजूला राहत नाही, ती पिशवीच्या पोटावर आलेली असते. तेव्हा पट्ट्याची जागा त्या खुणेवरून ठरवू नका. विणून झाल्यावर पिशवी तळावर उभी करा, तळाच्या दोन टोकांच्या थेट वर तोंडाशी खुणा करा. ज्यांना हा कल अजिबात नको असेल त्यांनी प्रत्येक फेरी जोडून उलटायची. पोत थोडा वेगळा येतो, मला तो आवडतोही. शेवटच्या दोन फेऱ्या स्लिप स्टिचने, म्हणजे सगळ्यांत आखूड टाक्याने, घाला, म्हणजे तोंड पसरत नाही.

आता पट्टा. पिशव्या बिघडतात त्या इथेच, म्हणून घाई करू नका. तुम्ही सहा खांब रुंद पट्टी घालून ती आडव्या ओळींनी लांब करत नेलीत. अशा पट्टीत ओझ्याची ओढ ओळींना एकमेकींपासून दूर खेचते, आणि ओळी शेकड्याने असतात. पट्टी नेहमी लांबीच्या दिशेने विणा. पट्ट्याच्या पूर्ण लांबीची साखळी घाला आणि तिच्यावर लांबच लांब आठ ओळी मुके खांब. साखळीसाठी अर्धा मिमी मोठी सुई घ्या, कारण साखळी आखडते आणि मग पट्टी धनुष्यासारखी वाकते. दोन्ही कडांना स्लिप स्टिचची एकेक ओळ दिली की आणखी घट्ट होते.

एवढं करूनही तीन किलो या पट्टीच्या भरवशावर सोडायचे नाहीत. तिच्या आत एक इंची नवार हवी, कॉटनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची. कॉटनची खांद्याला मऊ लागते. पट्ट्याची लांबी तोंडापासून तोंडापर्यंत 70 सेंमी धरली तर नवार 160 सेंमी घ्या. ती एका बाजूने खाली, तळाखालून, दुसऱ्या बाजूने वर आणि खांद्यावरून परत, असं एकच कडं होतं. जोड तळाखाली पाच सेंमी एकावर एक ठेवून येऊ द्या, खांद्यावर कधीच नको. क्रोशाची पट्टी 70 ऐवजी 68 सेंमीची विणा आणि नवारीवर किंचित ताणून दोन्ही कडांनी हाताने शिवा. आखूड असल्यामुळे ती नवारीवर चपखल बसते आणि वापराने सुरकुतत नाही.

पट्ट्याच्या लांबीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. आडवी अडकवायची लांब पिशवी रस्त्याने चालताना उत्तम, पण सकाळच्या गर्दीत ती तुमच्या आणि मागच्या बाईच्या मध्ये अडकते आणि गाडीत चढताना तुम्हाला मागे खेचते. काखेत दाबता येईल आणि झटकन पोटासमोर घेता येईल अशी 65 ते 75 सेंमी लांबी ठेवा. जाडजूड कुर्ते किंवा जाकीट घालत असाल तर 75.

अस्तराला मांजरपाट किंवा पातळ कॅनव्हास. साटीन, क्रेप असलं सुळसुळीत काही नको. मांजरपाट धुतल्यावर आटतं, म्हणून आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेता. आपल्या मापाला 31 सेंमी रुंद आणि 36 सेंमी उंच असे दोन तुकडे लागतील. बाजू आणि तळ एकेक सेंमी दाब धरून शिवायचे, तळाचे दोन्ही कोपरे चपटे करून 8 सेंमीची आडवी टीप मारायची म्हणजे आतला तळ तयार होतो, आणि वरची दोन सेंमी आत दुमडायची. तयार अस्तर 29 सेंमी उंच झालं, विणीपेक्षा एक सेंमी आखूड. हा एक सेंमी मुद्दाम आहे. त्यामुळे डबा ठेवला की तळ अस्तराचा ताणला जातो, विणीच्या तळावर ओझं पोचतच नाही. अस्तर विणीएवढं किंवा मोठं शिवलंत तर सगळी मेहनत वाया, वजन पुन्हा विणीवर येतं. खिसा शिवायचा असेल तर तो आत्ताच, अस्तर सपाट असताना. मोबाइलचा खिसा अंगाच्या बाजूला आणि किल्ल्यांसाठी एक छोटं कडं.

नवार अस्तराच्या बाहेरून, म्हणजे अस्तर आणि विणीच्या मधे येईल अशी, शिवायची आहे. दोन्ही कडांनी टीप, आणि तोंडाशी जिथे नवार कापड सोडून वर जाते तिथे चौकोन मारून त्यात फुली. हे काम घरच्या साध्या मशीनवर जड जातं, सुई मोडते. डोंबिवलीत कुठल्याही नाक्यावरचा बॅगा दुरुस्त करणारा हे पाच-दहा मिनिटांत करून देईल. त्याच्याकडे जाताना नवारीवर खडूने खुणा करून न्या.

चेन हवीच. उघड्या तोंडाची पिशवी दिसते छान, पण गर्दीच्या पुलावर तुमचं लक्ष पायऱ्यांकडे असतं. मॅग्नेटच्या बटणाने तोंड मिटल्यासारखं वाटतं, तरी दोन्ही बाजूंनी हात जातोच. 5 नंबरची चेन घ्या, दोन कापडी पट्ट्यांच्या मधे बसवा आणि त्या पट्ट्या अस्तराच्या तोंडाला जोडा. चेन विणीला थेट शिवू नका. वीण हलते, चेन हलत नाही, मग रनर अडकतो आणि दोन्ही खराब होतात.

सगळं जोडून झालेलं अस्तर विणलेल्या पिशवीत उतरवा. तळाशी जुन्या फाइलचं जाड प्लास्टिक कापून, कोपरे गोल करून, कापडाच्या खोळीत घालून ठेवा. तोंडाशी सगळीकडे टाचण्या लावा आणि विणीच्या शेवटच्या फेरीखालून हाताने उलट टीप घालत या. दुहेरी दोरा, टाके अर्ध्या सेंमीच्या आत. नवारीपाशी विणीला नुसतं टाचायचं, आवळायचं नाही. बाजूंना मधेमधे दोन-तीन ठिकाणी अस्तर विणीला एकेका टाक्याने पकडलंत तर बाटली काढताना अस्तर बाहेर येत नाही.

बाहेरून वीण जितकी सपाट, तितकं गाडीत सोपं. उठावाची फुलं, लोंबते गोंडे, मण्यांच्या झालरी दुसऱ्यांच्या छत्रीच्या काड्यांत, ओढणीत, बांगड्यांत अडकतात आणि एक फास ओढला गेला की आसपासच्या दहा टाक्यांचा आकार जातो. सजावट करायचीच असेल तर रंगानेच करा. दोन रंगांच्या फेऱ्या, किंवा तळ गडद आणि वर फिकट. तळ गडद ठेवण्यात आणखी एक सोय आहे, लोकलच्या जमिनीवर पिशवी ठेवायची वेळ येतेच. एखादा फास बाहेर आला तर तो कापू नका. बारीक सुईने शेजारच्या टाक्यांत थोडा-थोडा वाटून टाका, नाहीसा होतो.

मनगटाची काळजी घ्या. बारीक सुईने दाट विणताना अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली की त्या दिवशी थांबायचं. जाड रबरी मुठीची सुई थोडी महाग पडते, पण एवढ्या टाक्यांना ती घ्यावीच.

गडद लाल किंवा निळं सूत असेल तर विणण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडात हातभर दोरा दाबून बघा. रंग लागला तर ते सूत फिकट रंगासोबत वापरू नका. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून सुताचा कच्चा रंग पक्का होत नाही, हा उपाय घरोघरी सांगितला जात असला तरी. पिशवी धुताना आतलं प्लास्टिक काढा, थंड पाणी आणि सौम्य साबण वापरा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवी पसरून सावलीत वाळवा. दोरीवर पट्ट्याने टांगलीत तर ओल्या विणीचं स्वतःचंच वजन तिला लांबवतं. पावसाळ्यात कॉटनची पिशवी भिजून घरी आली तर रात्रीच रिकामी करून, अस्तर बाहेर उलटून पंख्याखाली ठेवा. सकाळपर्यंत अस्तर वाळतं, वीण मात्र थोडी दमट राहते. म्हणून जुलैत दोन पिशव्या आलटून पालटून वापरा.

दोन-तीन वर्षांनी अस्तर तळाच्या कोपऱ्यांत विरेल. तोंडाची हातशिलाई उसवली की ते नवारीसकट अख्खं बाहेर येतं. जुन्याच्या मापाने नवं शिवून घ्या, तीच नवार धुऊन पुन्हा वापरा आणि त्याच विणीत परत बसवा.